हात आठव्या भागात धरतात

१८ नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त झाल्यापासून हाताला चैन नाही. सारी नोकरी विजेच्या उपकेंद्रात बसून लोड लिहिण्यात गेली. कोणता फीडर कधी ट्रिप झाला, कधी चालू केला, सगळं लिहायचं. आता लिहायला काही उरलं नाही म्हणून ही दैनंदिनी.

आजची नोंद अशी की दिपमालाने तिसरं स्थळ नाकारलं. मुलगा चोपड्याचा, बागायती शेती, ठिबकचं स्वतःचं दुकान. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, त्यांनी लग्न कधी करायचं ते विचारलं. मी दिवसभर काय करते ते नाही विचारलं." आता त्यात विचारायचं काय? रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हे बायोडाट्यात स्वच्छ लिहिलं आहे. बायोडाटा मीच टाइप केला होता.

बाहेर तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी समाजाच्या विवाह समितीत आहे. साखरपुड्यातच लग्न उरकून देण्यात जळगावच्या या पट्ट्यात माझा हात धरणारा कोणी नाही. माणसं जमलेली असतात, जेवण शिजलेलं असतं, भटजी हजर असतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तोच मांडव कशाला? मी उठतो, हात जोडतो, दोन्ही व्याह्यांकडून हो वदवून घेतो, की तासाभरात अक्षता पडतात. मुंडावळ्या, हळद, अक्षता माझ्या पिशवीत कायम असतात. दोनदा शाल-नारळ मिळाला, पेपरात फोटोही आला. आणि माझ्याच घरातली पोर असं करते.

खूप विचार केला आणि कारण सापडलं. कोरियन मालिका. दर शनिवारी जेवणं झाली की मायलेकी टीव्हीसमोर बसतात आणि जगाला विसरतात. सौ. म्हणजे सुलक्षणा, जी एरवी पंधरा मिनिटं एका जागी बसत नाही, ती मांडी घालून बसते. पोरीच्या डोक्यात जे भरलं आहे ते तिथूनच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शत्रूची माहिती असलेली बरी, म्हणून आज पहिला भाग पाहिला. दोघींनी माझ्यासाठी नवी मालिका मुद्दाम सुरुवातीपासून लावली.

समुद्राकाठी एक गाव. तिथे एका मुलीचं इस्त्रीचं दुकान. राजधानीतून कामावरून काढून टाकलेला एक वकील तिथे राहायला येतो आणि शर्ट इस्त्रीला देतो. संपलं. सव्वा तासात एवढंच झालं. बाकी सगळा वेळ नुसतं बघणं. तो तिच्याकडे बघतो, ती शर्टाकडे बघते. तिचा पाय घसरला, त्याने सावरलं, तर ते तीन बाजूंनी दाखवलं. एवढ्या वेळात मी भुसावळला एक लग्न लावून, जेवून, परत आलो असतो.

मी म्हटलं, यांची तोंडं सगळी सारखीच, ओळखायचं कसं? दिपू म्हणाली, "तुमच्या समितीच्या फोटोत पण सगळे सारखेच दिसतात." तिथे सगळ्यांना फेटे असतात म्हणून दिसत असतील.

जे चांगलं ते पण लिहिलं पाहिजे. ही माणसं घरात चपला काढून येतात. मोठ्यांसमोर कमरेतून वाकतात. वडिलांनी घास घेतल्याशिवाय पोरं खात नाहीत. हे मला पटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

भुसावळला गेलो होतो. रेल्वे कॉलनीत साखरपुडा होता, त्याचं लग्न करून आलो. मुलीचे वडील आढेवेढे घेत होते, त्यांना बाजूला घेऊन समजावलं. मुलीला इतका आनंद झाला की रडूच कोसळलं. हळद लावताना भोवळही आली, मग लिंबूसरबत दिलं. एकंदरीत कार्यक्रम छान झाला.

घरी आल्यावर सांगितलं तर दिपू ताटावरून उठली. म्हणाली भूक नाही. बाहेरचं खाल्लं असेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

एका भागावरून मत बनवणं योग्य नव्हे, म्हणून दुसरा पाहिला. त्या वकिलाकडे तीनच शर्ट आहेत. तिसऱ्या दिवशी सगळे इस्त्रीचे झाले, तर गड्याने घरी बसून एक शर्ट हाताने चुरगाळला आणि परत तिच्या दुकानात नेला. मला हसू आलं. सौ.ने माझ्याकडे बघितलं, मग मी खोकलो.

मी म्हटलं, लगेच पुढचा लावा. दिपूचा नियम असा की आठवड्याला एकच भाग. एकदम सगळं बघितलं तर काही राहत नाही म्हणे. रिमोट तिच्याकडे असतो आणि मला तो चालवता येत नाही.

१ डिसेंबर, रविवार

धुळ्याहून अक्काचा फोन. बेबाबाई, माझी थोरली बहीण. मी फोन उचलताच तिने सुरू केलं, "भाऊ, पोऱ्या भलता चांगला शे. जनावरंस्ना डॉक्टर शे, सरकारी. कसानाच नाद नही." व्यसन कसलंच नाही म्हणे. नाव नवल. वडील शेती करतात. येत्या रविवारी बघायला येणार.

सरकारी म्हटल्यावर मी पुढचं फारसं ऐकलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

पाहण्याचा कार्यक्रम झाला. झाला म्हणायचा की नाही, मला कळत नाही.

मुलगा रंगाने सावळा, उंची बेताची. खुर्चीच्या टोकावर असा बसला की आता उठून पळतो की काय. प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात. पोहे मात्र दोनदा घेतले. मी मनात म्हटलं, त्या वकिलाच्या पासंगालाही हा पुरणार नाही.

मग प्रथेप्रमाणे दोघांना दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. तिथून समोरच्या पुनाभाऊंची गाय दिसते. दोन मिनिटांत दोघं खाली. मुलगा म्हणाला, "काका, त्या गाईला पोटफुगी झाली आहे. येतो बघून." आणि गेला. पाहण्याच्या कार्यक्रमातून उठून, नवा शर्ट घातलेला मुलगा गाय बघायला गेला. दिपू त्याच्या मागे गेली, गाईचं दावं धरून उभी राहिली. त्याने गोडं तेल मागवलं, नळकांड्यातून पाजलं, गाईची कूस चोळली. मी ओट्यावरून बघत होतो. बोलणं काही झालं नाही. तो गाईकडे बघत होता, दिपू त्याच्या हातांकडे बघत होती. दहाची चाळीस मिनिटं झाली आणि सगळी वाया गेली.

सौ. म्हणाली, "पाहिलंत का?"

मी म्हटलं, "काय?"

"काही नाही."

हात-पाय धुवून तो परत आला तेव्हा शर्टावर तेलाचा हा एवढा डाग. अक्काला फोन करून सांगणार होतो की हे काही जमणार नाही. पण दिपू स्वतःहून म्हणाली, "बाबा, यांना हो म्हणा." तिसऱ्या स्थळापर्यंत जिने नाकं मुरडली, तिला हे पटलं. पोरींचं काही सांगता येत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

होकाराला शेपूट आहे. दिपूचं म्हणणं, साखरपुडा करा, पण लग्नाची तारीख ती सांगेल तेव्हा. चार महिने लागतील, सहा लागतील. नवलला तिने हे सांगितलं आहे आणि त्याला मान्य आहे.

मी विचारलं, "पसंत आहे ना? मग सहा महिने करायचं काय?"

"ओळख करून घ्यायची, बाबा."

"लग्न झाल्यावर ओळख होतेच की. आमची झाली."

यावर सौ. भाजी चिरत होती ती थांबली. मग परत चिरायला लागली. शेवटी मी म्हटलं, बरं बाई. पौष संपला की वसंत पंचमीला धुळ्यात साखरपुडा.

१२ डिसेंबर, गुरुवार

समितीचे अध्यक्ष उखर्डू आबा यांचा धुळ्याहून फोन. ते नवलचे चुलत आजोबा लागतात. म्हणाले, "प्रेमराजभाऊ, दुसऱ्यांची लग्नं साखरपुड्यात लावता आणि स्वतःच्या मुलीला वेगळा न्याय? समाज काय म्हणेल? त्या दिवशी सगळं तयार ठेवतो. तुम्ही फक्त मंडपात हो म्हणायचं." मुलाकडच्या मोठ्यांना पटवून झालं होतं. अक्काही शेजारी होतीच, म्हणाली, "बठ्ठं मन्हावर सोडी दे." म्हणजे सगळं तिच्यावर सोडायचं.

आबांना आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. मी हो म्हणालो.

घरात बोललो नाही. आनंदाची बातमी अचानक दिलेली बरी.

२२ डिसेंबर, रविवार

नवल एसटीने आला. दोघं मेहरूण तलावावर फिरायला गेले. तीन तास. आल्यावर विचारलं, काय बोललात एवढं? दिपू म्हणाली, "त्यांनी एका म्हशीचं सांगितलं. अडलेली होती, रात्रभर बसून वासरू बाहेर काढलं." तलावावर नेऊन म्हशीचं बाळंतपण सांगणारा माणूस आयुष्यात काय करणार, कोण जाणे. पोरगी मात्र सांगताना अशी हसत होती की मला ती शाळेतून पळत यायची ते आठवलं. किती दिवसांनी तिला असं बघितलं.

११ जानेवारी, शनिवार

आज आठवा भाग. आज त्या वकिलाने तिचा हात धरला. आठव्या भागात! आमच्याकडे एवढ्यात बारसं होतं.

पण लिहितो खरं ते. त्याने हात धरला तेव्हा मी उशी घट्ट धरून बसलो होतो. बस थांब्यावर दोघं उभी असतात. बस येते, जाते. दुसरी येते, जाते. कोणीच चढत नाही. मग त्याची करंगळी हलते. सौ.ने पदर डोळ्यांना लावला. मला सर्दी आहे.

मी म्हटलं, "यात एवढं बघण्यासारखं काय असतं गं? शेवटी लग्न होणार हे पहिल्या भागातच माहीत होतं."

सौ. शेंगा सोलत होती. म्हणाली, "शेवट कोण बघतंय? शेवट सगळ्यांचा सारखाच असतो. बघायचं असतं ते मधलं. ती काय खाते ते त्याला कधी कळलं, तो रागावला की कसा गप होतो ते तिला कधी कळलं. आपल्याकडे मधलं कुठे असतं? सकाळी बघायला आलात, दुपारी कुंकू लावलं, चार दिवसांनी मी तुमच्या घरात भाकरी थापत होते. तुम्हाला तिखट चालत नाही हे मला वर्षभर माहीत नव्हतं."

"मग मी काय खायचो?"

"तिखट खायचात. आणि बोलायचा नाहीत."

ती हसली, रागाने नाही. दिपूपण हसली. मीही हसलो. तिला काय आवडतं ते मला माहीत आहे का, याचा विचार केला. चहा आवडतो. पुढे काही आठवेना.

१४ जानेवारी, मंगळवार

सौ.ला विचारलं, तुला खायला काय आवडतं? ती म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मग म्हणाली, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, पण आदल्या दिवसाची, शिळी, दुधात कुस्करून. इतकी वर्षं मी शिळी भाकर गाईला घालत आलो.

२६ जानेवारी, रविवार

काल दहाव्या भागात तिच्यावर ट्रक आला. पांढरा ट्रक, भरधाव, आणि भाग तिथेच बंद. हे काही बरोबर नाही. आपल्या नशिराबादच्या हायवेवर अपघात होतात तेवढे पुरे आहेत. आठवडाभर आता माणसाने काय करायचं? सकाळी पुनाभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "कोणाची पोर? कोणत्या दवाखान्यात आहे?" समजावून सांगायला अर्धा तास गेला.

आज दिपूच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात गेलो. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर थांबलो होतो. तिथे तिला सांगावं असं मनात आलं, आबांच्या फोनचं. म्हटलं, "दिपू." ती म्हणाली, "काय बाबा?" एवढ्यात गेट उघडलं आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले. राहून गेलं. परत येताना गेट उघडंच होतं.

मी चूक करत नाही असं मला वाटतं. पण मग सांगायला जीभ का जड होते?

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी भाड्याच्या गाडीने धुळ्याला निघालो. पारोळ्याजवळ चहाला थांबलो. काल अकराव्या भागात ती मुलगी वाचली, त्यामुळे मी जरा खुशीत होतो. दिपूला सहज विचारलं, "तुमचं दोघांचं कुठवर आलं?" ती म्हणाली, "चौथा भाग असेल, बाबा. मला काय आवडतं ते विचारायचं धाडस अजून होत नाही त्यांना. मग दर वेळी काहीतरी आणून बघतात. मागच्या वेळी हरभऱ्याचे टहाळे आणले." तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून चहा मला गोड लागेना.

देवपुरात मंगल कार्यालय. साडी झाली, अंगठ्या झाल्या, सुपारी फुटली. मागून वरण-बट्टीचा आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. आबा उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "आनंदाची वार्ता. दोन्हीकडच्या संमतीने आजच, याच मांडवात, शुभमंगल." टाळ्या. कोणीतरी नवलच्या कपाळाला मुंडावळ्या बांधूनही टाकल्या. अक्का हळदीची वाटी घेऊन बायकांतून उठली.

दिपूने माझ्याकडे बघितलं.

रडली नाही, ओरडली नाही. नुसतं बघितलं आणि बघत राहिली. नुसतं बघणाऱ्या माणसांना मी नोव्हेंबरपासून नावं ठेवतो आहे. बघण्यात केवढं बोलणं असतं ते मला आज कळलं. का कोण जाणे, भुसावळची ती मुलगी डोळ्यांसमोर आली.

आबांनी माइक माझ्या हातात दिला. "बोला भाऊ, हो म्हणा."

मी म्हणालो, "आबा, फोनवर मी हो म्हटलं होतं. तो हो मी परत घेतो. लग्न आज नाही."

मागे आचाऱ्याचा झारा तेवढा वाजत होता. आबा म्हणाले, "मुलगा नापसंत?"

"नाही."

"मुलीचं काही दुसरं?"

"नाही आबा."

"मग अडलं कुठे? शेदोनशे माणसं बसली आहेत. कारण सांगा."

कारण मला माहीत होतं, पण शब्द सापडेनात. आजवर मी या जागी उभा राहून इतकी भाषणं केली, सगळी घाईची. थांबण्याचं एकही येत नव्हतं. मग तोंडातून गेलं ते गेलं, तेही माइकवर. "आबा, यांचा अजून चौथाच भाग चालू आहे. हात आठव्या भागात धरतात."

पुरुषांच्या बाजूला कोणालाही काही कळलं नाही. माझ्या मेहुण्याने शेजाऱ्याला सांगितलं की यांची बीपीची गोळी राहिली असेल. पण बायकांच्या बाजूने एक हसू आलं. मग दुसरं. मग शेवटच्या रांगेपर्यंत पसरलं. एका बाईने विचारलं, "भाऊ, कोणती बघता, ती इस्त्रीवाली का?" दुसरी ओरडली, "आमचा नववा चालू आहे, पुढचं सांगू नका." माझ्या मागे समितीच्या खजिनदारांची बायको म्हणाली, "त्याला नवा शर्ट कधी देते ती?" मी आयुष्यभर या बायकांना नमस्कार करत आलो. त्या दर शनिवारी काय करतात ते मला माहीतच नव्हतं.

अक्का हळदीची वाटी घेऊन मधोमध उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. हे स्थळ तिने आणलेलं. आज तिचं तोंड मीच खाली पाडलं होतं. ती म्हणाली, "मी बी देखस. मन्ही सून लाई देस. घाई करी तर मजा नही." म्हणजे तीही बघते, सून लावून देते. आणि तिने वाटीवर पदर टाकला.

हळद बायकाच लावतात. त्यांनीच वाटी झाकल्यावर आबांचं काही चालेना. ते खुर्चीत बसले आणि माझ्याशी परत बोलले नाहीत.

नवलने स्वतःच्या हाताने मुंडावळ्या सोडल्या, नीट घडी करून आबांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या पाया पडला. मग माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "काका, मला घाई नव्हती. पण मलाही कोणी विचारलं नाही." मला तो पहिल्यांदा उंच वाटला.

बट्टी खाल्ली, पण चव कळली नाही. परतीच्या वाटेवर एरंडोलपाशी दिपू माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही मला न विचारता हो म्हटलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"दीड महिना माहीत होतं तुम्हाला."

"हो."

ती खिडकीतून बाहेर बघत बसली. रडत होती. सौ.ने जळगाव येईपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीने आज मला माफ केलं नाही आणि तिचं बरोबर आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आबांचा निरोप आला, "भाऊंनी आता विश्रांती घ्यावी." म्हणजे समितीतून काढलं. नवलच्या वडिलांचा राग आहे, पण नवल म्हणतो शांत होतील. पेपरात दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो आला आहे.

दिपू जेवढ्यास तेवढं बोलते.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी मुद्दाम आतल्या खोलीत बसलो होतो. बारावा भाग लागल्याचा आवाज आला. मग बंद झाला. दिपू दारात आली आणि म्हणाली, "येताय ना? तुमच्यासाठी थांबलोय."

गेलो. तिच्या शेजारी बसलो. भागात काय झालं ते आज मी नीट पाहिलं नाही.

८ मार्च, शनिवार

सोळावा भाग झाला. इस्त्रीचं दुकान आहे, वकीलही आहे, शर्ट आता पाच आहेत. आपल्या मालिका सुनेच्या सुनेपर्यंत चालतात, ही मंडळी सोळा भागांत आटोपतात आणि माणसाला रिकामं करून जातात. सौ. म्हणाली, दुसरी लावू का? मी म्हटलं, तुझी इच्छा असेल तर. दुसरीत एक आचारी आहे आणि एक भूत आहे. बघू.

२० एप्रिल, रविवार

उन्हाने जीव नको केला आहे. दिपूची रविवारची पाळी होती. डबा विसरली म्हणून लॅबमध्ये द्यायला गेलो. कोणी नव्हतं, तर म्हणाली, "या, दाखवते." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. लाल लाल टिकल्या, मधे एखादी जांभळी. कोणती पेशी काय सांगते, कोणत्या माणसाला आज घरी जाऊ द्यायचं नाही हे तिला टिकल्यांवरून कसं कळतं, ते ती सांगत राहिली. मला वाटायचं नळ्या भरून ठेवतात. मी म्हटलं, "अगं, हे मला कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत." आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

आता दर रविवारी मीच डबा नेणार आहे. सौ.ला उन्हाचं बाहेर पडणं झेपत नाही.

११ मे, रविवार

नवल आला होता. सोबत त्याचे वडीलही होते. त्यांनी माझ्या हातात हात दिला, त्यामुळे मन हलकं झालं. कूलरसमोर बसून आमरस खाल्ला. दिपूला साय काढलेलं दूध लागतं आणि तिला खरबुजाच्या बिया आवडतात हे नवलला आता माहीत आहे. ती रागावली की नखं खाते, हेही त्याला माहीत आहे. मला हे आत्ता, त्याच्याकडून कळतं आहे.

जेवणं झाल्यावर दिपू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तारीख काढा. मी तयार आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅलेंडर समोरच्याच भिंतीवर होतं. मी उठलो नाही. म्हटलं, या महिन्यात ऊन फार आहे, माणसं आजारी पडतील. जूनमध्ये पेरण्या. मग भर पावसाळा. घराला रंगही द्यायचा राहिला आहे. शिवाय ती आचाऱ्याची मालिका अर्धी व्हायची आहे, दिपू गेल्यावर रिमोट कोण चालवणार? एवढी घाई काय आहे? तुळशीचं लग्न होऊ दे, मग शांतपणे बघू.

मग सौ. म्हणाली, "तुम्ही म्हणताय? घाई काय आहे म्हणून, तुम्ही?" आणि हसायला लागली. दिपू हसता हसता माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. नवलने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. त्याचे वडीलसुद्धा हसले.

यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलेलं नाही. घरातून पोर जायची म्हणजे माणसाला थोडा वेळ नको का?